पटावरची पाचवी

सिग्नलपाशी ती दोरी माझ्या हातात कशी आली, ते मला अजून सांगता येणार नाही. बालवाडीची पोरं रस्ता ओलांडायला उभी होती. सगळ्यांच्या डोक्यावर पिवळ्या टोप्या आणि सगळ्यांना मिळून एकच लांब दोरी, दोरीला थोड्या थोड्या अंतरावर कापडी कड्या शिवलेल्या, प्रत्येक कडीत एक मूठ. शेवटची कडी रिकामी लोंबत होती. माझ्या एका हातात नासपतींची पिशवी होती. हिरवा दिवा लागला, दोरी हलली आणि मी त्यांच्याबरोबर चालायला लागले. रस्त्याच्या मधोमध त्यांच्या तरुण बाईंनी वळून पोरं मोजली आणि त्या थांबल्या. "आजी, दोरी सोडता का?" अगदी नम्रपणे म्हणाल्या. माझ्या पुढचं पोर मान वळवून बघत होतं. "ही पण आपल्यात?" त्यानं विचारलं. "छे, ही म्हातारी आहे," शेजारची म्हणाली. मी मूठ उघडली. पलीकडे पोचल्यावर लक्षात आलं की मला हा रस्ता ओलांडायचाच नव्हता. मोरिओचं, माझ्या मुलाचं घर अलीकडच्या बाजूला होतं. पुन्हा हिरवा दिवा लागेपर्यंत मी तिथं उभी राहिले, तळहाताला त्या कापडाचा ओलसरपणा तसाच होता. दुसऱ्या कुणाच्या तरी मुठीचा घाम असावा. दोन वाजता चिनात्सु येणार होती. गेल्या रविवारी तिनं फोनवर विचारलं होतं, "आई, माझी ओसाकाची आई इस्पितळात आहे म्हणे. शेवटचंच चाललंय. जाऊ का भेटायला? तुम्ही सांगाल तसं करते." मी म्हटलं, तू ये, समोरासमोर बोलू. तेव्हापासून सात दिवस मी एकच वाक्य तोंडात घोळवत होते: तुझ्या आईनं तुला पत्र पाठवलं होतं, ते मी तुला दिलं नाही. एवढं म्हटलं की चिनात्सु उठून तिच्याकडे जाईल. आणि मग माझ्याकडे पुन्हा कशाला येईल? नाही म्हटलं, तर ती बाई तिकडे तशीच मरेल आणि माझा दर महिन्याचा दुसरा रविवार मला राहील. सिग्नलपाशी उभं राहून हे अगदी स्वच्छ दिसलं.

रिकामी कडी मला बघवत नाही. आमच्या बेटावर माणसं त्रेचाळीस होती आणि बोट आठवड्यातून दोनदा. दर वर्षी एक मे या तारखेला शाळेच्या पटाचा आकडा जिल्ह्याला जायचा. पटावर पाच असतील तर शाळा राहणार, चार झाली तर कुलूप, असं आम्हाला साहेबांनी येऊन, चहा पिऊन, हसतमुखानं सांगितलं होतं. बेटावर पोरंवाली घरं दोन आणि पोरं चार. शाळा गेली की ती दोन घरं जाणार, ती गेली की तुफानाआधी छपरांवर जाळी ओढून बांधायला धडधाकट हात उरणार नाहीत, मग बोट आठवड्यातून एकदा होणार, मग पंधरवड्यातून. समोरच्या बेटावर हे सगळं होऊन गेलेलं आम्ही रोज बघत होतो. तिथं आता बकऱ्या राहत होत्या, एकीला मी शाळेच्या खिडकीतून डोकं काढून उभी असलेली पाहिली आहे. म्हणून आम्ही शहरातून पोर आणायचो, वर्षाच्या बोलीवर. ज्यांच्या घरी आईबापांना जमत नाही, ज्यांना समुद्राची हवा हवी, अशी पोरं यायची, आणि ज्या घरात ती राहतील त्यांना बेटाची आई, बेटाचे बाबा म्हणायची. माझा मोरिओ तोवर शिकायला बाहेर गेलेला, नवरा चोकेन टपालाची खिडकी सांभाळायचा, मी शाळेत. आमचंच घर मोकळं होतं. चिनात्सु आली तेव्हा आठ वर्षांची होती. बोट लागली तर पोर कठडा सोडेना, फ्रॉकवर ओकारीचे डाग, आणि चोकेन तिला म्हणाला, "कठडा घरी न्यायचाय का? विचारतो मालकाला." ती हसली नाही. तिची आई छातीच्या दुखण्यानं इस्पितळात होती, बाप कुठे होता ते तिनं कधी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

मला पोरांना शिकवायला आवडतं. हे मी उगाच म्हणत नाही. अडलेल्या पोराजवळ मी तासभर बसू शकते, त्याच्या पेन्सिलीकडे न बघता, खिडकीबाहेर बघत, म्हणजे त्याला वाटू नये की बाई वाट बघतायत. चाळीस वर्षांत कुणावर हात उचलला नाही. चिनात्सुला नऊचा पाढा यायला पावसाळा गेला, पोहायला उन्हाळा. आधी नुसतं गुडघाभर पाण्यात उभं राहायचं, मग तोंड बुडवून तीन आकडे मोजायचे, मग पाच. तिच्या पोटाखाली माझा तळहात असायचा, आणि एके दिवशी मी तो काढून घेतला तेव्हा तिला कळलंसुद्धा नाही. सकाळी अंगणातल्या पांढऱ्या पोवळ्याच्या वाळूवर दाताळं फिरवायचं काम तिचं, संध्याकाळी तांदूळ धुवायचं काम तिचं. पालीला घाबरायची. कारल्याची भाजी बघून तोंड फिरवायची आणि मग चोकेन ताटाशी बसला की त्याच्या ताटातला कारल्याचा एक तुकडा उचलून मुद्दाम खायची, डोळ्यांत पाणी येईस्तोवर. "बघ हं, बेटाची होतेयस," तो म्हणायचा. "आता शेपूट फुटेल." शेजारच्या कामादोआजीला वाचता येत नव्हतं आणि ऐकूही कमी यायचं, तिच्या लेकाची पत्रं चिनात्सु तिच्या कानाशी तोंड नेऊन ओरडून वाचायची, सबंध गल्लीला कळायचं की लेकाची कंबर दुखते. मी अंगणातून ऐकायची. कुठे अडखळली की मनातल्या मनात पुढचा शब्द सांगायची. त्या वर्षी मला सकाळी उठावंसं वाटायचं, हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात पत्र आलं. चोकेननं टपालाची थैली उपसली आणि ते पाकीट तसंच सदऱ्यात घालून घरी आला. मी भाजी चिरत होते. "हात्सुए," तो म्हणाला, "हे तुझ्या नावाचं आहे. आत आणखी काहीतरी जाड लागतंय." आत दोन कागद आणि बोटीचं तिकीट होतं. एक कागद मला: मी बरी झाले, कामाला लागले, एक खोली घेतली आहे, ठरल्याप्रमाणे मार्चअखेर पोरीला पाठवून द्या, तुमचे उपकार विसरणार नाही. दुसरा कागद घडी करून वर लिहिलेलं, चिनात्सुसाठी. तो मी उघडला. लहान मुलांसाठी लिहितात तशी मोठी मोठी अक्षरं होती, खिडकीतून रेल्वेचा पूल दिसतो असं काहीतरी होतं, आणि मांजर पाळायला मालक हो म्हणालेत असं. चोकेन पाण्याचा पेला हातात धरून उभा होता. तो म्हणाला, "तिची पोर आहे." मी म्हटलं, "मी कुठं नाही म्हणतेय? एक मे होऊ दे. महिना-सव्वा महिन्यानं कुणाचं काय बिघडतं?" तो म्हणाला, "तुला विचारतोय का मी? मी फक्त म्हटलं." संध्याकाळी सभेच्या खोलीत सगळे जमले, म्हणजे बोलावलं कुणी नव्हतं, बोटीच्या दिवशी जमतातच. पत्राचं कुणी बोललं नाही. नौकेवरच्या माणसानं पाकिटावरचा ओसाकाचा शिक्का पाहिला होता, त्यामुळे सगळ्यांना ते ठाऊक होतं. एकजण म्हणाला, यंदा पोरीचा रंग छान रापलाय. दुसरी म्हणाली, तिला इथं मानवलंय. कुणीतरी माझ्याकडे न बघता म्हणालं, बाई करतील ते बरोबरच करतील. दुसऱ्या दिवशी पहाटे दार उघडलं तर पायरीवर जांभळी रताळी, अर्धा ट्यूना पानात गुंडाळलेला, दोन पपया आणि तेलात तळलेल्या गोड गोळ्यांची पिशवी. कुणी ठेवलं ते कळलं नाही. चिनात्सु माझ्यामागून डोकावली. "आज सण आहे?" तिनं विचारलं. "नाही गं," मी म्हटलं, "लोकांना आपण आवडतो." त्या दिवशी मी तिच्या आईला उत्तर लिहिलं. पोरीलाच यायचं नाही, असं लिहिलं. चांगल्या कागदावर, एकही खाडाखोड न करता.

त्यानंतर दर बोटीला संध्याकाळी तांदूळ धुताना ती विचारायची, "टपालात काही?" पाण्यात हात तसेच ठेवून, वर न बघता. मी तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणायची, "नाही गं." चिडायची नाही, घाईनं म्हणायची नाही. पोरांना वाट बघायला शिकवावं लागतं, आणि मी ते तिला नीट शिकवलं. मार्चअखेर शाळेतल्या तरुण शिक्षकांची बदली झाली. आमच्याकडे कुणी जायला निघालं की बोटीच्या कठड्यावरून आणि धक्क्यावरून रंगीत कागदी फिती धरतात, त्या ताणत ताणत तुटतात, आणि शेवटची तुटली की पोरं धक्क्यावरून समुद्रात उड्या मारतात, निरोप द्यायला. त्या वर्षी पाची पोरांनी उड्या मारल्या. चिनात्सुची पहिलीच. ती बोट तीच होती, ज्या बोटीचं तिकीट माझ्या शिवणाच्या डब्यात होतं. बाकीची पोरं हात हलवून मागे फिरली, ती पोहत राहिली. बोटीच्या मागच्या पांढऱ्या पाण्यातून, डोकं वर, हात नीट, मी शिकवलं होतं अगदी तसं, आणि धक्क्यावरून लोक म्हणत होते, वा, काय पोहते, बाईंच्या हाताखाली शिकलीय. शेवटी चोकेनला होडी काढावी लागली. त्यानं तिला वर ओढलं तेव्हा ती थरथरत होती. "कुठं निघाली होतीस? तैवानला?" त्यानं विचारलं. ती म्हणाली, "थांबायचं कसं ते बाईंनी सांगितलं नव्हतं." सगळे हसले. मीही हसले. रात्री तिला ताप आला आणि मी तिच्या कपाळावर ओली पट्टी ठेवत बसले, आणि ते बसणं मला फार आवडलं.

एक मे आला, पाचचा आकडा गेला, सगळ्या घरांत सणासारखा लाल चवळीचा भात झाला. ठरवलं होतं की एक मे झाला की पत्र द्यायचं. ते मी खरंच ठरवलं होतं, चोकेन साक्षीला होता. दोन तारखेला शाळा होती. तीन, चार, पाच सुट्टी. पाचला चिनात्सु विहिरीवरून येताना पाय घसरून पडली, गुडघा फुटला, आणि माझ्याकडे धावत येताना ती "बाई" म्हणाली नाही, "बेटाची आई" म्हणाली नाही, नुसतं "आई" म्हणाली. त्या आठवड्यात तिनं टपालाचंही विचारणं सोडलं होतं. संध्याकाळी मी न्हाणीच्या चुलीत पत्र, तिकीट आणि ती मोठ्या अक्षरांची घडी घातली. चोकेन लाकडं पुढे सरकवत होता. त्यानंतर मरेपर्यंत त्यानं कधी माझ्या हातचा पहिला घास उचलताना माझ्याकडे बघितलं नाही. तेव्हा शाळा वाचलेली होती, बेट वाचलेलं होतं. त्या कागदांची कुणाला गरज उरली नव्हती, ते कुणाच्या आड येत नव्हते. फक्त माझ्या. पुढं चिनात्सु पंधरा वर्षांची होईस्तोवर आमच्याकडे राहिली. ती बाहेर शिकायला गेल्यावर दोन वर्षांत शाळेला कुलूप लागलंच. बकऱ्या आमच्याकडेही आल्या असतील, मी परत गेले नाही. चोकेन गेला आणि मोरिओनं मला इथं आणलं. चिनात्सु इथंच एका दातांच्या दवाखान्यात कामाला आहे. दर महिन्याला येते, माझी नखं कापते, माझे दात बघते, म्हणते, आई, मागची दाढ नीट घासत जा.

दोन वाजता आली. सून युकारी बाजारात निघाली होती, दारातच भेटली. "बरं झालं आलात, सकाळपासून गप्प आहेत आज," तिनं माझ्याबद्दल सांगितलं, जणू मी तिथं नव्हतेच, आणि गेली. चिनात्सु हात धुऊन बसली. मी पुढे ठेवलेली नासपती तिनं उचलली आणि सोलायला लागली, साल न तोडता. चौतीस वर्षांची झाली आहे, कानाजवळ एक पांढरा केस आहे. काळे कपडे होते, पण ती नेहमीच साधे घालते. "मग," ती म्हणाली, "जाऊ का मी?" मी मनातल्या मनात वाक्य उचललं. ते तोंडापर्यंत आलं, जिभेवर त्याचं वजनसुद्धा लागलं. मी म्हटलं, "तुझं मन काय म्हणतं?" वर्गात मी हेच करायची, प्रश्न पोराकडे परत द्यायचा. "माझं मन राहू दे," ती म्हणाली. "एवढंच सांगा. तिनं तेव्हा मला कधी काही लिहिलं होतं?" सुरी थांबली नव्हती. साल खाली लोंबत होती, लांब, पिवळट. मला वाटलं, आता. आणि मला वाटलं, पुढच्या महिन्यात माझी नखं कोण कापेल. केवढं लहान कारण होतं. मी हात पुढे केला, तिच्या डोक्यावर ठेवला आणि म्हटलं, "नाही गं."

"सोळा," चिनात्सु म्हणाली.

मला कळलं नाही. तिनं नासपतीच्या आठ फोडी केल्या, बशीत मांडल्या आणि बशी माझ्याकडे सरकवली. "तेव्हा पंधरा वेळा विचारलं होतं. हे सोळावं. पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी कामादोआजी मला म्हणाली, तुझ्या आईचं पत्र आलंय ना, आण, वाच मला, माझ्या लेकाचं तर येत नाही हल्ली. सगळ्या गावानं गप्प बसायचं ठरवलं, पण तिला ते ऐकू कुठं आलं?" तिचा आवाज रोजचाच होता, दाढेबद्दल सांगते तसा. "मला वाटायचं, आईनं लिहिलं असणार की ठेवून घ्या पोरीला, मला नको. मला वाईट वाटू नये म्हणून बाई लपवतायत. तुम्ही नाही म्हणायचात आणि मला वाटायचं, किती चांगल्या आहेत. तुम्हाला सांगायची संधी मिळावी म्हणून मी परत विचारायची. मग म्हटलं, जाऊ दे, यांना त्रास होतोय. म्हणून सोडलं विचारायचं." तिनं सुरी पुसून बाजूला ठेवली. "सव्वीस वर्षं मी तुम्हाला चांगलं समजले. खा ना."

मी फोड उचलली. गार होती. "तू जा तिच्याकडे," मी म्हटलं, "आजच जा, मोरिओला सांगते, तो गाडीनं सोडेल." ती म्हणाली, "ती गेली. आज अकरा दिवस झाले. मी होते जवळ." म्हणजे गेल्या रविवारी फोन केला तेव्हा ती गेलेलीच होती. मी काही म्हणणार तेवढ्यात तिनंच सांगितलं, "हो, मुद्दाम विचारलं. तेव्हाही मुद्दामच विचारायची ना." मग पिशवीतून एक पाकीट काढलं, कडा मऊ झालेलं, आणि ते नासपतीच्या पाण्यानं भिजू नये म्हणून टेबल आधी हातानं पुसून घेतलं. माझंच अक्षर. इतक्या वर्षांनीसुद्धा सुंदर होतं, ओळी सरळ होत्या, आणि मला लाज वाटण्याच्या आधी ते छान वाटलं. "उशीखाली ठेवायची," चिनात्सु म्हणाली. "शेजारच्या खाटेवरच्या बाईनं सांगितलं मला. वाचा."

"माझ्यानं नाही व्हायचं."

"का? अक्षर तर लागतं तुम्हाला. चष्मा गळ्यातच आहे." मी कागद उघडला. "बसून नको, बाई," ती म्हणाली, आणि त्या दुपारी पहिल्यांदा तिनं मला बाई म्हणून हाक मारली. "वाचताना उभं राहायचं. दोन्ही हातांत धरून, पाठ ताठ." माझे गुडघे मला उठू देत नाहीत. तिनं येऊन माझ्या काखेत हात घातला, हळुवार, तिच्या दवाखान्यातल्या म्हाताऱ्यांना उठवत असेल तसा, आणि मी उभी राहिल्यावर हात काढून घेतला. मी वाचलं. तुमचं पत्र पोचलं. चिनात्सु खुशाल आहे. तुमचं पत्र मी तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, मला जायचं नाही, माझी आई इथं आहे. हे मला आठवत होतं. पुढचं मला आठवत नव्हतं, खरोखरच नव्हतं, आणि तरी शब्द डोळ्यांआधी तोंडात येत होते. तुमचं पत्र आलं की ती रडते आणि दोन दोन दिवस जेवत नाही. तिचं भलं हवं असेल तर यापुढे लिहू नका. मोठी झाली की ती आपणहून येईल. मी तिला तसं शिकवीन.

"मोठ्यानं," चिनात्सु म्हणाली. "शेवटचं वाक्य ऐकू आलं नाही."

दारात पिशव्या आपटल्याचा आवाज झाला. युकारी आत आली आणि मला उभं बघून चकित झाली. "अगं बाई, सासूबाई वाचून दाखवतायत? मला कधी नाही दाखवलं हो." चिनात्सुनं शेजारची बसायची उशी तिच्यासाठी नीट केली. "बसा ना, वहिनी," ती म्हणाली. "आत्ताच सुरुवात आहे. बाई, पहिल्यापासून घ्या." युकारी कौतुकानं हनुवटीवर हात टेकून बसली. चिनात्सु खिडकीबाहेर बघत होती, म्हणजे मला वाटू नये की ती वाट बघते आहे. मी कागद दोन्ही हातांत धरला आणि वाचायला लागले. आवाज स्वच्छ आला. चाळीस वर्षं वर्गात वाचलंय, तो आपोआप स्वच्छ येतो.